आट्यांची कैफियत

जुन्या मोटारीच्या इंजिनाला मूळ कारखान्याने दिलेली तेल गाळण्याची व्यवस्था उतरवून तिच्या जागी बाजारात मिळणारे अ‍ॅडॅप्टर बसवावे की नाही, हा प्रश्न ज्यांच्या दारात अशी मोटार उभी नाही त्यांना क्षुल्लक वाटणे साहजिक आहे. परंतु ज्यांच्या दारात ती आहे त्यांच्यामध्ये या प्रश्नावरून जे पक्षभेद उत्पन्न होतात, ते शुद्धलेखनाच्या नियमांवरून साहित्यिकांत माजणाऱ्या पक्षभेदांपेक्षा तसूभरही सौम्य नसतात. आमचे शेजारी दादासाहेब हे एका सरकारी खात्याच्या यांत्रिकी शाखेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे भाचे पिंपरीच्या एका कारखान्यात अभियंता. या दोघांमध्ये दादासाहेबांच्या अँबॅसडरवरून जो वाद झाला, तो मी प्रारंभापासून अखेरपर्यंत ऐकला, आणि त्यात दोन्ही पक्षांकडून जे मुद्दे मांडले गेले ते केवळ त्या एका गाडीपुरते नसल्यामुळे येथे नोंदवून ठेवीत आहे.

वादाचा विषय नीट ध्यानात यावा म्हणून थोडी पूर्वपीठिका द्यावी लागेल. अँबॅसडर ही इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने घडवलेली मोटार. तिचे उत्पादन 2014 साली थांबले. दादासाहेबांच्या गाडीतील 1489 घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरीज’ या घराण्यातले आहे, आणि याच घराण्याचे, याच मापाचे इंजिन 1955 साली निघालेल्या एमजीए या दोन आसनांच्या शौकीन मोटारीतही होते. त्या इंजिनाच्या कुशीला बिडाचे एक डोके बोल्टांनी आवळलेले असते. त्या डोक्याखाली पत्र्याचा डबा लोंबतो. डब्यात घड्या घातलेल्या कागदाचे एलिमेंट, त्याच्याखाली स्प्रिंग, वायसर आणि एक फेल्टची चकती. आणि या सर्व परिवाराला खालून वर ओवून धरणारा एक लांब बोल्ट. डब्याची कड जेथे टेकते तेथे डोक्यात एक गोल खाच असून तिच्यात रबराची रिंग बसते. सर्व्हिसिंगच्या वेळी डबा उतरवायचा, धुवायचा, एलिमेंट टाकून नवे घालायचे आणि पुन्हा सर्व जागच्या जागी लावायचे, असा हा विधी आहे. अ‍ॅडॅप्टर बसवले म्हणजे हा विधी संपतो. त्यावर हल्लीच्या गाड्यांना असतो तसा, कागद आणि झडपा पोटात घेऊन कायमचा बंद केलेला फिल्टर हाताने फिरवून बसवायचा आणि मुदत भरली की फेकून द्यायचा. हा ‘स्पिन-ऑन’ प्रकार अमेरिकेत विक्स कंपनीने 1954 साली आणला. इंग्लंडात एमजीच्या शौकिनांची संख्या मोठी असल्यामुळे जुन्या डब्याच्या जागी हा फिल्टर बसवणारे अ‍ॅडॅप्टर तिकडे तयार मिळते, आणि भाच्यांनी ते मागवले होते.

“मामा, आपण याकडे शत्रूच्या दृष्टीने पाहू नये,” भाचेरावांनी अ‍ॅल्युमिनियमचा तो तुकडा मेजावर ठेवीत आरंभ केला. “इंजिनाचे आयुष्य तेलाच्या शुद्धतेवर अवलंबून असते, हे आपणच मला लहानपणी शिकवले. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधील फट पंचवीस ते पन्नास मायक्रॉनची. त्या फटीत शिरण्याइतके बारीक आणि तेथील तेलाचा पापुद्रा भेदण्याइतके जाड असे कण हेच खरे मारेकरी. आजचे फिल्टर ते कण पकडण्यात पन्नास वर्षांपूर्वीच्या फिल्टरांपेक्षा फार पुढे गेले आहेत.”

“कागद पुढे गेला आहे, डबा पुढे गेलेला नाही,” दादासाहेब म्हणाले. “तुझ्या बंद डब्यात जो कागद असतो त्याच जातीचा कागद माझ्या एलिमेंटला लावून कारखानदार विकू शकतो, आणि चांगला कारखानदार विकतोही. तेल माझ्याकडे संपूर्ण गाळूनच बेअरिंगकडे जाते आणि तुझ्याकडेही तसेच जाईल. तेव्हा शुद्धतेचा दावा तू सुरुवातीलाच मागे घे. उरलेल्या अर्जाचा विचार करू.”

येथे भाचेरावांनी जो मोकळेपणा दाखवला तो मला विशेष वाटला, कारण अशा सामग्रीचे विक्रेते सर्वप्रथम आणि सर्वांत मोठ्या आवाजात हाच दावा करीत असतात. अ‍ॅडॅप्टरने तेल अधिक शुद्ध होत नाही. तेल शुद्ध होते ते फिल्टरातील कागदामुळे, कागदाच्या क्षेत्रफळामुळे आणि तो वेळेवर बदलल्यामुळे. ज्या इंजिनांत मुळातच फिल्टर नसून केवळ तारेची जाळी होती, त्यांची गोष्ट वेगळी. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये अशी जाळीच असे, आणि तेथे बाहेरून फिल्टर जोडण्याने पडणारा फरक वादातीत आहे. मेक्सिकोत निघणाऱ्या शेवटच्या काळातील बीटलला खुद्द कारखान्यानेच फिल्टर दिला. त्याचप्रमाणे जुन्या विलीज जीपसारख्या इंजिनांत पंपाच्या तेलापैकी थोडाच अंश फिल्टरातून जातो आणि बाकीचे न गाळता फिरते. तेथेही सुधारणेला जागा आहे. परंतु सर्व तेल मुळातच गाळले जाते अशा इंजिनाचा मालक शुद्धतेच्या नावाने पैसे मोजीत असेल, तर तो दुकानदाराच्या वक्तृत्वाची किंमत मोजतो आहे.

“मान्य,” भाचेराव म्हणाले, “शुद्धतेचा मुद्दा मी मागे घेतो. माझी खरी तक्रार त्या रबरी रिंगबद्दल आहे. एलिमेंट बदलताना जुनी रिंग खाचेतून काढावी लागते. ती उष्णतेने कडक होऊन बिडाला अशी चिकटते की काळ्या खाचेतली काळी रिंग दिसतच नाही. घाईतला मिस्त्री खाच रिकामी आहे असे समजून तिच्यावरच नवी रिंग बसवतो. इंजिन जागच्या जागी चालवून पाहिले तर काही कळत नाही. गाडी रस्त्याला लागून थंड तेलाचा दाब चढला की वरची रिंग बाहेर ढकलली जाते आणि चेंबरमधले सर्व तेल काही मिनिटांत रस्त्यावर सांडते. ऑइलचा दिवा लागेपर्यंत बेअरिंग संपलेले असते. मामा, आपल्या वर्कशॉपमध्ये हे झाले नाही असे आपण सांगू शकाल काय?”

दादासाहेब काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “झाले आहे. म्हणूनच मी आमच्या फिटरांना हुकूम केला होता की नव्या एलिमेंटची मागणी करताना जुनी रिंग स्टोअरमध्ये जमा करावी. जुनी रिंग जमा झाल्याशिवाय नवे एलिमेंट मिळणार नाही. त्यानंतर तशी घटना घडली नाही. दाभण लावून रिंग काढायला दोन मिनिटे लागतात. मनुष्याच्या निष्काळजीपणावर उपाय म्हणून तू इंजिनाचा अवयव बदलायला निघाला आहेस.”

“परंतु आपले स्टोअर आता कुठे आहे? आपला तो हुकूम मोडणाऱ्याला जाब विचारणारा अधिकारी कुठे आहे? आता ही गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जाते आणि तेथे तिच्यावर हात चालवणारा मुलगा उद्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलेला असतो. त्याने आयुष्यात असला डबा पाहिलेला नाही. स्प्रिंग आधी की वायसर आधी, हे तो अंदाजाने ठरवतो. फेल्टची चकती जुन्या एलिमेंटला चिकटून कचऱ्यात जाते, आणि मग तेल कागदातून न जाता बोल्टाच्या बाजूने वाट काढते. बाहेरून गळती नाही, दाब बरोबर, दिवा विझलेला. आणि आत अर्धे तेल न गाळताच फिरते आहे. याला आपण काय म्हणाल?”

माझ्या मते वादाचे मर्म येथेच होते, आणि दादासाहेबांनाही ते जाणवले असावे. जी व्यवस्था निगुतीने हाताळणाऱ्या आणि जबाबदारीने नोंद ठेवणाऱ्या हातांसाठी घडवली, ती ते हात नाहीसे झाल्यावर आपल्या जागी राहून धोकादायक बनते. डब्यातील सात-आठ सुट्या भागांपैकी प्रत्येक भाग आपापल्या जागी बसला तर ती रचना आजही निर्दोष आहे. पण कोणता भाग चुकला हे ती बाहेरून कळू देत नाही. उलट, मी म्हणालो, बंद फिल्टर बसवणाऱ्याला चूक करायला वाव फार थोडा: बसण्याची कड पुसायची, जुन्या फिल्टरची रबरी कड मागे राहिलेली नाही हे पाहायचे, नव्या कडेला तेलाचे बोट लावायचे, कड टेकली की हाताने पाऊण फेरा आणखी द्यायचा, पाना लावायचा नाही.

“जुन्या फिल्टरची रबरी कड मागे राहिलेली नाही हे पाहायचे!” माझ्या तोंडून हे वाक्य निघताच दादासाहेबांनी ते पकडले. “म्हणजे दोन रिंगांचा अपघात तुमच्याकडेही होतो. फक्त तुमची रिंग अधिक दिसते, इतकेच.”

“इतकेच पुष्कळ आहे,” भाचेराव म्हणाले.

यानंतर दादासाहेबांनी जो हल्ला केला तो सरकारी दप्तरात आयुष्य घालवलेल्या माणसाला शोभण्यासारखा तपशीलवार होता. त्यांनी अ‍ॅडॅप्टर हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, “बायपासची झडप कोठे आहे?”

हा प्रश्न मोटारीच्या शौकिनांपैकी बहुतेकांना सुचत नाही. कागद कचऱ्याने तुंबला, किंवा पहाटेच्या थंडीत 20डब्ल्यू-50 चे घट्ट तेल त्यातून जाईना, तर बेअरिंग कोरडी पडू नयेत म्हणून फिल्टरच्या व्यवस्थेत एक लहानशी झडप असते. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबांत ठराविक फरक पडला की ती उघडते आणि तेल न गाळता पुढे जाते, कारण मळके तेल हे तेल नसण्यापेक्षा केव्हाही बरे. तेलाचा एकंदर दाब आटोक्यात ठेवणारी झडप वेगळी, ती ब्लॉकमध्ये असते. या दोहोंची गल्लत अनेक अनुभवी मिस्त्रीही करतात. दादासाहेबांच्या इंजिनात बायपासची झडप त्या बिडाच्या डोक्यात आहे. अ‍ॅडॅप्टर बसवताना डोके संपूर्ण निघणार असेल, तर झडपही त्याच्याबरोबर निघाली, आणि मग जो फिल्टर लावाल त्याच्या पोटात ती असलीच पाहिजे. डोके राहणार असेल आणि केवळ डबा जाणार असेल, तर एका मार्गावर दोन झडपा झाल्या. त्यांपैकी जिची स्प्रिंग नरम तीच राज्य करणार. फिल्टराफिल्टरांत हा दाब सारखा नसतो. कोठे आठ पौंडांना झडप उघडते, कोठे वीस पौंडांना.

“डोके निघते,” भाचेराव म्हणाले. “म्हणून झडप असलेलाच फिल्टर घ्यायचा. तो मी ठरवून ठेवला आहे. शिवाय त्यात इंजिन बंद झाल्यावर तेल मागे उतरू न देणारा रबरी पडदाही आहे, जो आपल्या डब्यात नाही.”

“माझा डबा तोंड वर करून लोंबतो, त्यातले तेल उतरून जाणार कुठे? तो पडदा आडव्या आणि उलट्या फिल्टरांची गरज आहे. एमजीवाल्यांनी पुढे एमजीबीत फिल्टर उलटा करून पाहिला, तेव्हा सकाळी इंजिन सुरू होताना दाब चढायला वेळ लागू लागला, हे तुला ठाऊक असेलच. जो रोग माझ्या इंजिनाला नाही त्याचे औषध तू मला गुण म्हणून सांगू नकोस.”

हा मुद्दा निर्विवादपणे दादासाहेबांकडे गेला. अ‍ॅडॅप्टरांच्या इतर अवतारांनाही, म्हणजे फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसून तेलाच्या तापमानाचे घड्याळ जोडू देणारी चकती, किंवा दोन नळ्यांनी फिल्टर दूर न्यायची सोय, यांनाही हेच लागू आहे. घाटातून सतत ओझे ओढणाऱ्या वाहनाला तेल थंड करणारा कूलर जोडायचा असेल तर तशी चकती अवश्य घ्यावी. बॉनेट उघडून पाहुण्यांना दाखवण्यासाठी घेऊ नये. प्रत्येक नवी नळी म्हणजे गळण्याच्या दोन नव्या जागा.

परंतु दादासाहेबांचा खरा बाण अजून भात्यातच होता. “तू म्हणतोस की हा बंद फिल्टर कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळेल, आणि माझे एलिमेंट मिळणार नाही. हा तुझा सर्वांत मजबूत मुद्दा आहे, हे मी कबूल करतो. माझ्या कपाटातली एलिमेंटे संपतील तेव्हा मलाही हिंडावे लागेल. पण या अ‍ॅडॅप्टरच्या नळीवर आटे कोणते आहेत?”

“पाऊण इंच, इंचाला सोळा.”

“आणि तालुक्याच्या दुकानदाराकडे कोणते फिल्टर भरपूर आहेत? अनेक जपानी घराण्यांच्या गाड्यांचे. म्हणजे वीस मिलिमीटर, दीड मिलिमीटरचा पिच. पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटर आणि थोडेसे. सोळा आटे म्हणजे दीड मिलिमीटरहून किंचित अधिक पिच. आता मला सांग, वीस मिलिमीटरचा फिल्टर तुझ्या या नळीवर चढेल की नाही?”

भाचेरावांनी उत्तर दिले नाही, कारण उत्तर दोघांनाही ठाऊक होते. तो चढतो. थोडा सैल, थोडा डुलत, पण दोन-तीन आटे धरून चढतो. रबरी कड टेकते, हाताला घट्ट लागतो, इंजिन सुरू केल्यावर थेंबही गळत नाही. त्या आट्यांनी एकमेकांना केवळ कडेकडेने धरलेले असते. चालत्या इंजिनात तेलाचा दाब चौरस इंचाला पन्नास पौंडांच्या आसपास, थंड इंजिनात त्याहूनही अधिक. फिल्टरच्या रुंद तोंडावर तो सगळा दाब एकवटला म्हणजे क्विंटलभर किंवा त्याहूनही अधिक जोर त्या दोन-तीन अर्धवट आट्यांवर येतो, आणि एके दिवशी आटे सोलवटून फिल्टर खाली पडतो. दोन रिंगांच्या अपघाताचा आणि या अपघाताचा शेवट अगदी एकच आहे.

“म्हणजे,” दादासाहेब म्हणाले, “तुझा तो गॅरेजमधला मुलगा माझ्या डब्यात चकती विसरतो, तोच मुलगा तुझ्या नळीवर चुकीचा फिल्टर चढवतो. ज्या अज्ञानापासून तू इंजिनाला वाचवायला निघालास, त्याला तू दुसऱ्या दाराने आत घेतलेस. आणि या दाराला तर मूळ कारखान्याच्या पुस्तकाचा आधारही नाही. माझ्या डब्याची आकृती छापील पुस्तकात आहे. तुझ्या अ‍ॅडॅप्टरची कोणत्या पुस्तकात आहे?”

मला हा मुद्दा सबंध वादात सर्वांत वजनदार वाटला. मूळ रचनेत बदल करणारा माणूस वस्तूबरोबर तिची माहितीही बदलीत असतो, आणि ही दुसरी गोष्ट तो सहसा विसरतो. इंजिन हे अनेक हातांतून जाणारे यंत्र. ज्याने बदल केला तो माणूस नसताना त्याला हात लावणाऱ्याला काय कळणार, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही त्याने पाना हाती घेऊ नये.

भाचेरावांपाशी ते उत्तर होते, हे त्यांच्या श्रेयास लिहून ठेवले पाहिजे. “मी पितळेची एक पट्टी करून घेणार आहे,” ते म्हणाले, “आणि ती फिल्टरच्या शेजारी, ब्लॉकच्या बाजूला, नजरेस पडेल अशी बसवणार आहे. तिच्यावर आट्यांचे माप, झडप आवश्यक असल्याचा शेरा आणि फिल्टरचा क्रमांक कोरलेला असेल. दोन फिल्टर नेहमी डिकीत राहतील. दुकानदाराच्या मर्जीवर गाडी राहणार नाही.”

“आणि वापरलेला फिल्टर?” दादासाहेबांनी विचारले. “माझा डबा उतरवला की तळाशी काय साचले आहे ते मला दिसते. चुंबक फिरवला की पोलाद कळते. चमकणारी पिवळसर-करडी भुकटी दिसली की बेअरिंग बोलू लागले असे समजते. खडखडाट ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. तुझा डबा बंद. तू तो तसाच कचऱ्यात टाकणार.”

“कापून पाहीन. त्यासाठी पत्रा कापण्याचे चाकाचे कटर येते. करवतीने कापू नये, कारण करवतीचा कीस आत पडून नसलेला रोग दिसतो.”

“तू पाहशील. कोपऱ्यावरचा मुलगा पाहील काय?”

“नाही पाहणार,” भाचेराव म्हणाले. “पण तो आपला डबाही पुसून मोकळा होतो, तळाशी काय आहे हे न पाहताच.”

यावर दादासाहेब प्रथमच हसले. मी मध्ये पडून माझे मत सांगितले ते असे की, ज्या मालकाच्या स्वतःच्या हाताला तेल लागते त्याने मूळ डबा ठेवावा. त्याला अ‍ॅडॅप्टरपासून मिळणारा लाभ, म्हणजे दहा मिनिटांची बचत आणि थोडी स्वच्छता, त्यासाठी मोजायच्या किमतीच्या मानाने अल्प आहे. ज्याची गाडी परक्या हातांत जाते त्याने अ‍ॅडॅप्टर बसवावे. मात्र पट्टी, डिकीतले फिल्टर आणि नोंदवही हे तिन्ही करणार असेल तरच. हे तिन्ही करणारा माणूस बहुधा पहिल्या वर्गातलाच असतो, ही या प्रश्नातली खरी अडचण आहे, आणि तिच्यावर मला तोडगा सापडलेला नाही.

दादासाहेबांनी आता सत्तरी ओलांडली आहे आणि गाडीखाली शिरणे त्यांना जमत नाही, ही गोष्ट दोघांपैकी कोणीही उच्चारली नव्हती. पण पुढचा निर्णय तिने केला. त्यांनी मेजावरचे जुने लॉगबुक ओढले, चष्मा लावला आणि खात्यात असताना लिहीत त्याच धाटणीने मंजुरीचा मसुदा लिहून भाच्यापुढे सरकवला. अ‍ॅडॅप्टर चाचणी म्हणून एका सर्व्हिसिंगच्या मुदतीपुरते बसवावे. बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर, इंजिन रात्रभर उभे राहिल्यावर, दाब चढायला लागणारे सेकंद घड्याळ लावून नोंदवावेत. गरम इंजिनाचा दाब दोन्ही वेळा एकाच दाबमापकावर घ्यावा. अ‍ॅडॅप्टरचे बोल्ट पहिल्या प्रवासानंतर फेरतपासावेत. फिल्टर काढताना अ‍ॅडॅप्टरची नळी त्याच्याबरोबर फिरून सैल झालेली नाही याची खात्री करावी. पहिला फिल्टर कापून त्यातील कागद अर्जदाराने मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे समक्ष रुजू करावा. आणि मूळ डोके, डबा, बोल्ट व स्प्रिंग ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, मंजुरी देणाऱ्याच्या ताब्यात ठेवावेत.

भाचेरावांनी मसुदा वाचला. “पट्टीचा उल्लेख राहिला,” ते म्हणाले.

“पट्टी चाचणीनंतर. आधी आकडे येऊ देत,” दादासाहेब म्हणाले, आणि खाली सही करून तारखेसाठी जागा मोकळी सोडली.